आत वळवलेला चेहरा

स्टुटगार्टला मी एकटा राहत होतो तेव्हा कामावरून चढाच्या रस्त्याने परतताना तळमजल्याच्या एका खिडकीत रोज एक म्हातारी दिसायची. नाव कधी कळलं नाही. मी हात हलवायचो, ती मान हलवायची. त्या सगळ्या चढावर माझी तेवढीच ओळख.

ऑक्टोबर संपत आला, तसे दारोदारी हॅलोवीनचे कोरलेले भोपळे बसले. हिच्या मांडीवर मात्र गुरांना घालतात तसलं दगडासारखं बीट. चमच्याने ते आतून खरवडायची, मध्येच थांबून मनगट चोळायची.

"भोपळे काय, परवा आले अमेरिकेहून," मी बघतोय हे पाहून एकदा खिडकी उघडून ती फणकाऱ्याने म्हणाली. "आम्ही पोरं बिटाची भुतं करायचो. शेजाऱ्याच्या खिडकीत ठेवायचं, काच वाजवायची आणि पळत सुटायचं."

दुसऱ्या संध्याकाळी मेणबत्ती लावलेलं बीट खिडकीत उजळलं होतं, पण रस्त्याकडे त्याची पाठ होती. कोरलेले डोळे, दात, सगळं आत खोलीकडे. चुकून उलटं ठेवलं असेल, म्हणून मी काच वाजवली. ती दचकली आणि लगेच हसली. मी खुणेने सांगितलं, फिरवा.

तिने खिडकी उघडली. "कळतंय हो मला. पण बाहेर आता घाबरणार कोण? जेवताना समोर एखादा चेहरा असला की बरं वाटतं."

दिवाळीचा आकाशकंदील मी चार दिवसांपूर्वीच बाल्कनीत लावला होता. हे काय, असं विचारायलाही कुणी थांबलं नव्हतं. घरी गेल्यावर तो काढला आणि आत, जेवायच्या टेबलाच्या वर टांगला.