बाराव्या दिवशीची बोट

सुन्नेवाला जाग आली ती शांततेने. पाऊस होताच म्हणा, खिडकीवर आडवा बडवत होता. पण पावसाच्या आवाजाने जागं व्हायचं ठरवलं तर आमच्या बेटावर माणसाच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. शांतता होती ती त्या आवाजाच्या खाली, समुद्राची. नऊ दिवस खडकांवर धडाधड आपटलेला समुद्र दोन दिवस निवत जाऊन आज लांब श्वास घेत होता. तिने डोळे न उघडताच मोजलं. तीन मोठ्या लाटा, मग चार बेताच्या, आणि मग पोकळी. बोट येऊन टेकेल आणि माणूस चढेल एवढी.

"आज लागते," ती पुटपुटली आणि उठून बसली.

बाजूची गादी रिकामी होती. हानुस, तिचा नवरा, रोजच्यासारखा पहाटेच धक्क्यावर समुद्र बघायला गेला होता.

दाराशी तिची बॅग अकरा दिवस भरून ठेवलेली होती. दोनदा तिच्यावर बुरशी धरली, दोनदा तिने ती पुसली. आमच्याकडे ऑक्टोबरात सगळ्यालाच बुरशी धरते. चपला, भिंती, बायबल, काही बाकी राहत नाही. दोरीवर घातलेला सदरा चार दिवस वाळत नाही आणि पाचव्या दिवशी माणूस कंटाळून तसाच दमट अंगात घालतो. बॅगेत दोन झगे, एक वाळवलेल्या मटणाचा तुकडा आणि रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची बरणी होती. मुरंबा बिलासाठी.

बिला म्हणजे तिची थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. तरुणपणीच बेट सोडून राजधानीला, तोर्शहावनला गेलेली, शिवणकाम करून एकटीने निभावलेली. आता तिथल्या इस्पितळात होती. पोटाचं दुखणं. बारा दिवसांपूर्वी नर्सने फोन करून स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, भेटायचं असेल तर या आठवड्यात या. पुढचं मी काही सांगू शकत नाही."

तो आठवडा गेला. बिला होती अजून. रोज संध्याकाळी पाच वाजता नर्स चाकांच्या गाडीवरचा फोन ढकलत तिच्या खाटेशी न्यायची आणि बिला एकच विचारायची, "निघालीस का गं?"

खाली दार वाजलं. हानुस आला होता. सुन्नेवा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ऐकू लागली.

आता हानुसचं काम सांगायला हवं. आमच्या बेटाला बंदर नाही. खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत, त्यालाच आम्ही धक्का म्हणतो. बोट तिथे बांधता येत नाही. ती लाटेबरोबर वर येते, क्षणभर पायरीशी टेकते आणि खाली जाते. त्या क्षणात माणसाने पाऊल टाकायचं. कधी टाकायचं ते धक्क्यावर उभा असलेला माणूस ओरडून सांगतो, "आत्ता!" आणि बोट मुळात यावी की नाही, तेही तोच ठरवतो. पहाटे समुद्र बघायचा आणि सात वाजता कप्तानाला फोन करायचा, आज लागते किंवा आज नाही. त्याच्या शब्दावर कोणी शब्द काढत नाही. हे काम हानुसच्या बापाकडे होतं, त्यानंतर छत्तीस वर्षं हानुसकडे.

नऊ वर्षांपूर्वी हानुस "आत्ता" म्हणाला आणि सुन्नेवाचा धाकटा भाऊ त्रोन्दुर याने पाऊल टाकलं. पायरीवर शेवाळ होतं. तो बोट आणि खडक यांच्या मध्ये गेला. चूक हानुसची नव्हती, हे बेटावरच्या प्रत्येकाने त्याला येऊन सांगितलं. सुन्नेवाने नाही सांगितलं. तिला जमलंच नाही.

तेव्हापासून हानुसचा नन्नाचा पाढा सुरू झाला, असं लोक म्हणायचे. "हानुसला विचारा, जेवलास का? म्हणेल, आज नाही." हसायचे, पण तोंडावर नाही. सुन्नेवाने मात्र मनात नोंद ठेवली होती. गाय व्यायला झाली म्हणून तिची तीच परत फिरली ती एक खेप सोडली, तर या नऊ वर्षांत तिने जेव्हा जेव्हा बॅग भरली तेव्हा तेव्हा तो नाही म्हणाला होता. बिलाच्या नव्या घराला, भाच्याच्या लग्नाला, दातांच्या कवळीला. नऊ वर्षं ती या चार मैलांच्या खडकावर अडकून पडली होती, आणि अडकवणारा तिच्याच पलंगावर घोरत होता.

खालून कप्तानाशी फोनवर बोलणाऱ्या हानुसचा आवाज आला. "यालमार, आज नाही. हो, कालच्यासारखंच. नको येऊस."

सुन्नेवा दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली.

"खोटं बोललास."

हानुसने फोन ठेवला. त्याच्या टोपीवरून पाणी गळत होतं. "उसळी आहे अजून."

"उसळी? मी या बेटावर जन्मले, हानुस. बिछान्यात पडल्या पडल्या मला कळतं. आज लागते. कालही लागत होती, परवाही. परवा मी गप्प बसले, म्हटलं माझे कान म्हातारे झाले असतील."

"शेवाळ आहे."

"शेवाळ कधी नव्हतं रे? तुझ्या डोक्यात धरलंय शेवाळ! तिकडे माझी बहीण मरतेय आणि तू इथे लाटा मोजतोयस. नऊ वर्षांपूर्वी एक भाऊ गेला म्हणून आता बहिणीचं तोंडही बघू द्यायचं नाही?"

हे बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली. टोपी काढून हानुसने ती खुंटीला लावली आणि स्टुलावर बसला.

सुन्नेवाने फोन उचलला. हे आमच्या बेटावर कधी झालं नव्हतं.

"यालमार? सुन्नेवा बोलतेय. आज लागते. ये."

"कोण? हानुस कुठाय?"

"हा काय, समोर बसलाय. घसा बसलाय त्याचा. येतोस की पोहत येऊ मी?"

यालमार हसला. "दहा वाजेपर्यंत येतो. पण सुन्नेवाबाई, काही झालं तर हे तुमच्या डोक्यावर."

"असू दे माझ्या डोक्यावर. तिथे केस उरलेत कुठे!"

बोट येतेय ही बातमी अर्ध्या तासात गावभर झाली. गाव म्हणजे काय, एकवीस माणसं. शेजारची एल्स्बा गालाला लोकरी पंचा बांधून पहिली हजर झाली. तिची दाढ आठवडाभर ठणकत होती आणि गाल टम्म फुगला होता. "देव तुझं भलं करो गं," ती अर्ध्या तोंडाने म्हणाली. "आणखी दोन दिवस गेले असते तर मीच दगड घेऊन ती दाढ पाडली असती."

दहाला धुकं थोडं वर सरलं. तितकंच सरतं आमच्याकडे, डोंगराच्या कमरेपर्यंत. सगळे धक्क्याच्या वाटेला लागले. सुन्नेवा सगळ्यांच्या पुढे होती. तिला इतकं हलकं वाटत होतं की तिची तिलाच शरम वाटली. बहीण मरणाला टेकलीय आणि आपण सहलीला निघाल्यासारखं काय चालतोय? पण बेटावरून पाय निघणार, या एका गोष्टीने तिची छाती भरून आली होती. इस्पितळात गेल्या गेल्या काय बोलायचं तेही तिने ठरवलं होतं. "निघाले गं बाई एकदाची," असं म्हणायचं.

बोट आली. हानुस आपल्या जागी, खालच्या पायरीवर, साखळीला एक हात गुंफून उभा राहिला. त्याने लाटा मोजल्या. आधी टपालाची पोती गेली.

"आत्ता!"

एल्स्बा गाल सावरत गेली. बोटीवरच्या माणसाने तिला दंडाला धरून आत ओढलं.

मग सुन्नेवाची पाळी. तिची बॅग कोणीतरी आधीच फेकून बोटीत पोचवली होती. ती पायरीवर आली. बोट वर आली, अगदी पायाशी. काळी ओली कड, मागे यालमारचा लाल चेहरा, पुढे आलेला एक हात.

"आत्ता!" हानुस म्हणाला.

तिचा पाय उचलला नाही.

बोट खाली गेली. पायरी आणि बोटीच्या मध्ये पाणी दिसलं, हिरवं, फेसाळ, खोल. सुन्नेवाने साखळी धरली.

"होतं असं," यालमार बोटीतून ओरडला. "पुढच्या लाटेला!"

बोट पुन्हा वर आली. "आत्ता!" तिने पायाला सांगितलं, चल. बिला वाट बघतेय, चल. पाय दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा जागेवर राहिला. तिसऱ्यांदा हानुस "आत्ता" म्हणाला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते.

यालमार तरी किती थांबणार? आणखी एकदा लाट वाया गेली तर बोटीची कड खडकावर घासली असती. त्याने हात हलवला. कोणीतरी तिची बॅग परत पायरीवर फेकली. आत बरणी फुटल्याचा आवाज झाला.

बोट वळून धुक्यात गेली. लोक पांगले. हानुसने तिची बोटं एकेक करून साखळीवरून सोडवली, कारण ती तिला स्वतःला सोडवता येत नव्हती.

घरी आल्यावर त्याने तिला चुलीशी बसवलं, कॉफी दिली आणि बटाटे सोलायला घेतले.

"तुला माहीत होतं," बऱ्याच वेळाने सुन्नेवा म्हणाली.

"हं."

"कधीपासून?"

"बिलाची साठी होती तेव्हापासून. त्या दिवशी मी लागते म्हणालो होतो. तू धक्क्यापर्यंत आलीस, आणि गाय व्यायला झालीय म्हणून परत फिरलीस." त्याने बटाट्याचा डोळा काढला. "गाय तीन आठवड्यांनी व्याली."

सुन्नेवाला तो दिवस आठवत होता, पण तिच्या आठवणीत गाय त्याच दिवशी व्याली होती.

"त्यानंतर तू बॅग भरलीस की मी नाही म्हणायचो. या खेपेला पहिले नऊ दिवस समुद्रच खराब होता. शेवटचे तीन माझे. म्हटलं, लोकांनी मला नावं ठेवली तर ठेवू देत. तुला सगळ्यांसमोर पायरीवर तसं उभं राहायला लागू नये."

"तुला सांगितलं होतं कोणी?" ती एकदम ओरडली. "कोणी सांगितलं होतं माझ्या वतीने नाही म्हणायला? नऊ वर्षं मी तुला शिव्या दिल्या मनातल्या मनात! एकदा जरी बोलला असतास तर मी... तर मी दरवर्षी त्या पायरीवर जाऊन उभी राहिले असते. जमलं असतं कधीतरी. आणि एल्स्बाची दाढ? तिने काय घोडं मारलं होतं तुझं?"

"एल्स्बाच्या बाबतीत चूक झाली माझी," हानुस म्हणाला. "तुझ्या बाबतीतही झाली असेल. मला सुचलं ते केलं."

तिला त्याचा संताप आला होता, आणि त्याच्या सोलण्याने लाल पडलेल्या ओल्या हातांकडे बघून रडूही येत होतं. दोन्ही एकाच वेळी. तिने कॉफी संपवली. थंड झाली होती.

पाच वाजता फोन वाजला. दोघांनी एकदमच तिकडे बघितलं. हानुस उठला.

"मी घेतो. सांगतो, समुद्र खराब आहे म्हणून."

"बस खाली," सुन्नेवा म्हणाली.

तिने फोन घेतला. पलीकडे नर्सची चाहूल, मग बिलाचा श्वास. बिलाचा आवाज कालपेक्षा बारीक झाला होता.

"निघालीस का गं?"

"बिला, आज बोट आली होती," सुन्नेवा म्हणाली. "समुद्र चांगला होता. मी पायरीवर गेले. तीनदा बोट पायाशी आली. मला पाऊलच टाकता आलं नाही गं. मी भ्यायले. मला नाही जमायचं, बिला. मी नाही येत."

सुन्नेवाने फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"बरं झालं सांगितलंस," बिला म्हणाली. "अकरा दिवस दाराकडे तोंड करून एकाच कुशीवर पडलेय मी. खांदा भरून आलाय नुसता. थांब हं."

खाट करकरली. नर्स काहीतरी म्हणाली, बिला कण्हली, पुन्हा खाट करकरली.

"हां," बिला म्हणाली. "वळले. आता बोल."