नवसीनं उभं राहून विचारलं

पालघरच्या मिशनच्या वसतिगृहात भाकऱ्या थापणारी नवसी वरठा तिशी उलटल्यावर अक्षरं शिकली. दुपारी भांडी आवरली, की वसतिगृहातल्या शिक्षिका मंगलाबाई तिला शिकवायला बसायच्या. चौसष्ट साली भातकापणीच्या सुमाराला बाईंनी तिला लूथरची हकीकत सांगितली. साडेचारशे वर्षांपूर्वी जर्मनीत पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चिठ्ठ्या विकत मिळायच्या. लूथर नावाच्या साधूनं विचारलं, शास्त्रात याला आधार कुठं आहे? त्या एका प्रश्नानं राजे एकमेकांवर उठले, चर्च दुभंगलं. पुढं त्यानं शास्त्रच लोकांच्या बोलीत आणलं.

"म्हंजी रांधणारी बाय पन वाचू शकत व्हती?" नवसीनं विचारलं.

"तिच्यासाठीच तर आणलं."

नवसीला त्या दिवसापासून चैन पडेना. चुलीपुढं बसून ती शास्त्रातल्या ओळी बोट ठेवून वाची. एकदा तर तव्यावरची भाकरी कोळसा झाली.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये कोळगावच्या ठकीनं बाप्तिस्मा मागितला. पाळक कृष्णकांतराव म्हणाले, "आधी चर्चच्या छपरासाठी चार पायली भात आण. शास्त्राचा नियम आहे."

ठकीनं मान खाली घातली. तिच्या माळावर घरापुरतंही पिकत नव्हतं. काही कळायच्या आत नवसी उभी राहिली.

"पाळकसाहेब, कुठं लिवलाय?"

मागं कोणी हसलं. एकजण म्हणाला, "खाली बस गं."

कृष्णकांतरावांनी आपलं पुस्तक पुढं केलं. "तूच दाखव."

नवसीनं पानं उलटली. रथातून जाणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला वाटेतल्या पाण्यातच बाप्तिस्मा मिळाला, ती हकीकत तिनं अक्षर अक्षर जोडत वाचली.

"हितं भाताचा नाव नाय," ती म्हणाली.

कृष्णकांतरावांनी पुस्तक घेऊन ती हकीकत स्वतः वाचली. "नाही," ते म्हणाले. "भाताचं चर्चच्या पंचांनी ठरवलं. शास्त्राचं नाव मी घेतलं, ते चुकलं."

आठवड्यानं ठकी बाप्तिस्म्यासाठी कोळगावच्या ओहोळात उतरली. बाईमाणूस पाळकाला उलट बोललं म्हणून दोन घरांनी चर्चमध्ये येणं सोडलं. नवसीला त्याचं वाईट वाटलं. तिनं दोन्ही घरी जाऊन बघितलं, पण कोणी दार उघडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं कोळगावात बायकांना अक्षरं शिकवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी सहाजणी आल्या. ठकीनं तर सासूलाही हाताला धरून आणलं होतं.