सात एकतीसचं यान

सात वाजून एकतीस मिनिटं झाली आणि आकाशात काहीच आलं नाही.

कशेळ्याच्या आमच्या शाळेच्या मैदानावर शंभर-सव्वाशे माणसं माना वर करून उभी होती. मी मधोमध एका बाकावर चढलो होतो. हातात लॅबचं टाइमपीस. मिनिटकाटा एकतीसवर आला, बत्तीसवर गेला, तेहतीसवर गेला. पश्चिमेला माथेरानच्या डोंगरामागे थोडा उजेड शिल्लक होता. तिथूनच ते वर यायला हवं होतं.

पुढच्या खुर्चीवरून आमच्या संस्थेचे चेअरमनसाहेब म्हणाले, "काय रे जाधव, तुझं यान कर्जतच्या रेल्वे फाटकात अडकलं काय?"

लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं.

इथपर्यंत गोष्ट कशी आली ते आधी सांगतो. मला लिहायची सवय नाही, पण क्रमाने सांगितलं की जमेल असं वाटतं.

मी या शाळेत लॅब अटेंडंट आहे. विज्ञानाच्या सरांनी प्रयोग सांगायचा, मी सामान मांडायचं, नंतर धुऊन पुसून जागेवर ठेवायचं. सकाळी कल्याणकडच्या कॉलेजात बी.एस्सी.चे तास आणि दुपारी साडेबारापासून शाळा. घर दहिवलीला. वडील रेल्वेत गँगमन. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे सकाळी जे शिकायचो ते दुपारी कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. ऐकायला बहुधा आमचे शिपाई तुकारामदादा असत. ते सगळं शांतपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरं हाय. आता घंटा देऊ का?"

लॅबच्या कपाटामागे एक लांब लाकडी पेटी पडून होती. तिच्यात तीन इंची भिंगाची दुर्बीण निघाली. कुणीतरी फार पूर्वी शाळेला दिलेली. भिंगावर बुरशी धरली होती आणि स्टँडचा एक पाय मोडका होता. कॉलेजातल्या प्रोफेसरांना विचारून मी भिंग स्पिरिट आणि कापसाने साफ केलं. त्याला चार रविवार लागले, कारण घासायचं नसतं, नुसतं टेकवून उचलायचं असतं. पाय सायकलवाल्याकडून जोडून घेतला. पहिल्यांदा चंद्र दिसला तेव्हा मी एकटाच होतो. मोठ्याने काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

आणि दुर्बीण चालते हे कळल्यावरच ती जायची वेळ आली. खालापूरकडे आमच्याच संस्थेची मोठी शाळा आहे. त्यांनी ती मागितली. चेअरमनसाहेब शाळेत आले आणि म्हणाले, "तिकडे पोरं जास्त, शिक्षक जास्त. इथं कोणाला आकाश बघायचंय? सोमवारी टेंपो येईल, पेटी बांधून ठेवा."

१९८४ चा एप्रिल होता. आपल्या देशाचा माणूस पहिल्यांदाच अंतराळात गेला होता, आणि स्टाफरूमच्या रेडिओवर दुसरं काही नव्हतं. तो ज्या स्थानकात राहत होता ते दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारत होतं. मी धीर करून म्हणालो, "साहेब, आपला माणूस बसलाय ते यान शनिवारी संध्याकाळी इथून दिसणार आहे. एकदा लोकांना बोलावू. मग दुर्बिणीचं ठरवा."

"दुर्बिणीतून दिसेल?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. "नाही साहेब. ते फार वेगाने जातं, दुर्बिणीत पकडता येत नाही. नुसत्या डोळ्यांनीच बघायचं. चालता तारा दिसतो."

"मग दुर्बीण कशाला हवी?"

"यान चार मिनिटांत जाईल. त्याची वाट बघताना लोकांनी काय बघायचं, त्यासाठी."

हेडसरांनी खाली मान घालून हसू दाबलं. चेअरमनसाहेब म्हणाले, "ठीक आहे. दाखव. पण यान नाही आलं तर सोमवारी पेटी मी स्वतः टेंपोत चढवणार."

यान कधी दिसणार हे प्रोफेसरांनी काढलं होतं. दोन संध्याकाळी त्यांनी गच्चीवरून ते स्वतः पाहिलं, वेळ टिपली आणि पुढचा हिशेब केला. शनिवारी सकाळी त्यांनी मला चिठ्ठी दिली: सात एकतीस, पश्चिमेकडून, जवळजवळ डोक्यावरून, पूर्वेकडे. एखादं मिनिट इकडेतिकडे.

आता वेळ महत्त्वाची. आणि आमच्या शाळेत वेळेचं एक प्रकरण होतं. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ तुकारामदादा कायम दहा मिनिटं पुढे ठेवतात. वाड्यांवरच्या मुलांची शेवटची एस.टी. शाळा सुटल्यावर लगेच असते. ती चुकली तर पोरांना डोंगरातून दोन तास चालावं लागतं. म्हणून घंटा दहा मिनिटं आधी. गावातले बरेच लोक याच घड्याळावर आपली घड्याळं लावतात, हेडसरही. कशेळं अख्खं दहा मिनिटं पुढे चालतं म्हणा ना. मला हे माहीत होतं. म्हणून मी त्या घड्याळाच्या वाटेला गेलो नाही. लॅबचं टाइमपीस घेतलं, दुपारच्या बातम्यांआधी रेडिओवर ठोके पडतात त्यावर सेकंदाला सेकंद लावलं आणि टेबलावर ठेवलं. तुकारामदादांना सांगितलं, "दादा, आजचा सगळा खेळ या डब्यावर आहे. यान एक मिनिटही थांबत नाही. चुकलं की गेलं."

"एकदा चुकलं की परत नाय?"

"आज तरी नाही."

"बरं हाय," ते म्हणाले.

संध्याकाळी माणसं यायला लागली. कळंबकडून एक जीप भरून आली. ठाकरवाडीतले लोक चालत आले, त्यांच्यात बुधीबाई होत्या. त्यांचा नातू आमच्याकडे सातवीत आहे. पाडवा होऊन चार-पाच दिवस झाले होते, त्यामुळे चंद्रकोर चांगली वर होती. कोरीचा चंद्र दुर्बिणीला उत्तम. ऊन तिरकं पडतं आणि खड्ड्यांच्या सावल्या उठून दिसतात. पौर्णिमेचा चंद्र नुसता पांढरा भगभगीत दिसतो.

चेअरमनसाहेब आले. मी टाइमपीस दाखवत म्हणालो, "सात दहा झाले साहेब. सगळ्यांनी घड्याळं यावर जुळवून घ्या. रेडिओवर लावलंय."

त्यांनी मनगट बघितलं. "माझ्यात सात झालेत."

"तुमचं दहा मिनिटं मागे आहे."

"हे घड्याळ कधी मागे पडत नाही रे."

"आज पडलंय साहेब," मी म्हणालो. कॉलेजात गेलेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो, हे आता आठवलं की कान गरम होतात. त्यांनी काटे पुढे केले. हेडसरांचं घड्याळ मात्र माझ्या टाइमपीसशी तंतोतंत जुळलं. मला आनंद झाला. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती.

दुर्बिणीपुढे रांग लागली. बुधीबाईंनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"काय दिसतंय आजी?"

"आमच्या वढ्यातला खडक हाय ह्यो. पाण्यानं खळगं पडलेला." मग त्या एकदम मागे सरकल्या. "पळाला बघ. कुठं गेला?"

"चंद्र नाही पळाला. आपली पृथ्वी फिरते ना, तिच्याबरोबर दुर्बीणही फिरली. आपणच पळालो."

"मी तं हितंच हाय उभी," त्या म्हणाल्या. मागचे लोक हसले. मी नळी जरा सरकवून चंद्र परत आणला. हे दर मिनिटाला करावं लागतं. बुधीबाई परत रांगेच्या शेवटाला जाऊन उभ्या राहिल्या.

आणि मग ते सात एकतीस झाले.

तेहतीसला फाटकाचा विनोद झाला. पस्तीसला जीपवाल्यांनी गाडी चालू केली. छत्तीसला चेअरमनसाहेब उठले. म्हणाले, "जाधव, तू मेहनत केलीस. पण ठरलं ते ठरलं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी चिठ्ठी पुन्हा वाचली. प्रोफेसर चुकले असतील? की मी पश्चिम समजून भलतीकडे बघतोय? सूर्य तिकडेच बुडाला होता, म्हणजे पश्चिम तरी बरोबर होती. मला दुर्बीण पेटीत ठेवतानाचा माझा हात दिसायला लागला.

मैदान निम्मं हललं, पण दुर्बिणीची रांग हलली नाही. कुणीतरी बुधीबाईंना हाक मारली, "चल गं आजे, यान नाय येत आता."

"यान जाऊं दे. माझा लंबर हाय," त्या म्हणाल्या. आजी हलेना म्हणून वाडीवाले थांबले. ते थांबले म्हणून जीपवाल्याने इंजिन बंद केलं, कारण त्याच्या गाडीतलीही चार माणसं रांगेतच होती.

तेवढ्यात तुकारामदादा पाण्याची कळशी घेऊन आले. "लोकं कुठं निघाली?"

"दादा, सात अडतीस झाले. नाही आलं."

त्यांनी टाइमपीसकडे बघितलं. "अडतीस त्या डब्यात झालं. अजून टाइम हाय."

"म्हणजे?"

"किल्ली देताना दहा मिन्टं म्होरं केला न् मी त्याला."

"का?"

"तुमीच म्हनलात, एकदा चुकलं की परत नाय. एस.टी.चं पन तसंच हाय. लोकांना आधी आनून उभं करायचं, मग चुकत नाय."

मी हिशेब केला. सात अठ्ठावीस. तीन मिनिटं. मी बाकावर चढून ओरडलो, "थांबा. घड्याळ पुढे आहे. यान यायचंय अजून."

"म्हणजे माझं बरोबर होतं," चेअरमनसाहेब म्हणाले.

"हो साहेब."

"दहा मिनिटं मागे नव्हतं."

"नव्हतं साहेब."

ते परत खुर्चीवर बसले. त्यांनी मनगटावरचे काटे सावकाश मागे घेतले, मला दिसेल असे.

मग माथेरानच्या अंगाला एक तारा दिसला. मला वाटलं तारा असेल. पण तो वर चढत होता. आवाज नाही, लुकलुक नाही, धूर नाही. सरळ, स्थिर, एका वेगाने. आमच्याकडे अंधार पडला होता, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन होतं, आणि त्या उन्हातच ते चमकत होतं. डोक्यावर आलं तेव्हा सगळ्यांच्या माना एकदमच मागे गेल्या.

"ह्यात माणूस हाय?" बुधीबाईंनी हळूच विचारलं.

"हो आजी. आपला."

"त्याच्या आयेला दिसत असंल का रं त्यो?"

बुधीबाईंनी हात वर केला आणि हलवला, एस.टी.त बसलेल्या पोराला हलवतात तसा. मग नातवाने हलवला, मग वाडीवाल्यांनी, मग सगळं मैदान हात हलवू लागलं. हेडसरांनी दोन्ही हात हलवले. चेअरमनसाहेबांनी आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग तेही.

पूर्वेला, भीमाशंकरच्या डोंगराच्या थोडं वर, ते तांबूस झालं आणि विझलं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की असंच होतं. मी ते समजावून सांगायला तोंड उघडलं, पण लोक अजून हात हलवत होते. म्हणून राहू दिलं.

निघताना चेअरमनसाहेब दुर्बिणीजवळ आले आणि त्यांनी चंद्र बघितला. पुरतं एक मिनिट, म्हणजे तो निसटेपर्यंत. मी परत आणून दिला. परत एक मिनिट.

"यान काही हिच्यातून दिसलं नाही," ते म्हणाले.

"नाही साहेब."

"पण ही नसती तर आम्ही सगळे तीन मिनिटं आधी घरी गेलो असतो." मग हेडसरांकडे वळून म्हणाले, "खालापूरवाल्यांना कळवा, टेंपो पाठवायचा तर त्यात पोरं भरून इकडे पाठवा."

सोमवारी मी टाइमपीसवर चिठ्ठी चिकटवली: याला हात लावू नये. तुकारामदादांनी ती वाचली आणि विचारलं, "किल्ली कोन देनार मग?" तेव्हापासून किल्ली मी देतो.

यातून मी शिकलो ते एवढंच. रेडिओवर घड्याळ लावणं सोपं आहे. त्यानंतर त्याला कुणी हात लावला हे विचारणं हाही प्रयोगाचा भाग असतो, आणि तो पुस्तकात नसतो. तुकारामदादांना मात्र अजून त्यांची चूक पटलेली नाही. परवाच म्हणाले, "आख्ख्या कशेळ्यात त्या दिवशी यान कुनाचं चुकलं का? सांगा एक नाव."

मी बराच विचार केला. एकही नाव आठवलं नाही.