अध्याय मध्येच सोडायचा नसतो

पेनसिल्व्हेनियात हायवेलगतच्या एका मोटेलमध्ये, रिसेप्शनमागच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. बाबा डेस्क सांभाळायचे, आई खोल्या साफ करायची. बाबा दहावी नापास, आई सातवीपर्यंत शिकलेली. थंडीत हीटर बिघडले की आधी गिऱ्हाइकांच्या खोल्यांतले दुरुस्त व्हायचे, आमचा शेवटी. मी आणि धाकटा भाऊ जॅकेट घालूनच झोपायचो. रडगाणं गात नाही. होतं ते असं होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी आई पोथी वाचायची. ओळीवर बोट, ठरलेली चाल. अध्याय सुरू झाला की कुणी उठायचं नाही आणि तो मध्येच सोडायचा नाही, हा नियम आमच्या अंगात मुरला होता.

पुढे मी स्टेट कॉलेजला अकाउंटिंग शिकायला गेले. शेवटच्या सेमिस्टरला साहित्याचा एक कोर्स घेणं सक्तीचं होतं. डायनिंग हॉलमधलं माझं काम सांभाळून जमेल असा एकच होता, जुन्या कोरियन कथांचा. त्यात नापास झाले असते तर डिग्री अडली असती. स्कॉलरशिप तिथेच संपत होती, आणि ठरलेली नोकरीही डिग्रीच्या अटीवर होती.

या कथांच्या काळी कोरियात बाजारात बसून गोष्टी वाचून दाखवणारे लोक असत. गोष्ट ऐन रंगात आली की ते गप्प बसत. ऐकणाऱ्यांनी पैसे टाकले की पुढे वाचत. प्रोफेसर बाईंनी आम्हाला तेच करायला सांगितलं होतं: वर्गासमोर वाचायचं, योग्य जागी थांबायचं, आणि तिथेच का थांबलो ते सांगायचं. अर्धे मार्क त्याला होते.

माझ्या वाट्याला पुरात सापडलेल्या नावेची गोष्ट आली. भाषांतर इंग्रजी होतं, पण माझ्या तोंडी चाल आली पोथीची. नाव कलंडली. थांबायची जागा समोर दिसत होती आणि मला थांबता येईना. वाचत गेले ते नाव काठाला लागेपर्यंत. वर्गात कुणी मान वर केली नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या की वाचन चांगलं होतं, पण नेमकं जे करायचं होतं तेच झालं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा करायला मिळेल, वर्गात कुणी न वाचलेली गोष्ट देईन. त्यानंतर संधी नाही.

माझी रूममेट त्याच वर्गात होती. ईडन प्रेरी या सुखवस्तू उपनगरातल्या मराठी डॉक्टरांची मुलगी, इथे अमेरिकेतच जन्मलेली. बसमध्ये म्हणाली, "यार, तू स्टोरी वाचत होतीस की सत्यनारायण सांगत होतीस?" मी हसले नाही.

आईला फोन केला. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. थांबताच येत नाही गं, म्हटलं. लहानपणापासून तूच शिकवलंस, मध्ये सोडायचं नाही.

"अगं, मी कधी सलग वाचलंय?" आई म्हणाली. "डेस्कवरची बेल विसरलीस होय?"

खरंच विसरले होते. बाबा सामान आणायला गेलेले असले की ऐन अध्यायात बेल वाजायची. आई ओळीवर फूल ठेवायची, 'कुणी हलायचं नाही' म्हणायची आणि बाहेर जायची. आम्ही दोघं श्वास धरून बसायचो. भाऊ फूल उचलून पुढचं बघायचा प्रयत्न करायचा, मी त्याच्या हातावर मारायचे.

दुसऱ्या खेपेला गोष्ट होती खोटा आळ आलेल्या सुनेची. तिच्यापुढे विषाचा पेला ठेवलेला. तिनं पेला उचलला, ओठाशी नेला, आणि दाराबाहेर घोड्याच्या टापा वाजल्या. मी पुस्तक मिटलं. बोट मात्र आत राहू दिलं.

कोपऱ्यातला रेडिएटर ठोके देत होता. मागून कुणीतरी खाकरलं. बाई माझ्याकडे बघत होत्या, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. वाटलं, चुकलं पुन्हा. आता वाचायला लागू का? बोट पानात दुखायला लागलं.

"मग?" रूममेट न राहवून म्हणाली. "प्यायली का ती?"

वर्ग हसला नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते.

मग मी मोटेल सांगितलं, बेल सांगितली, फूल सांगितलं. बाजारातल्या त्या माणसाला पैसे हवे होते, माझ्या आईला गिऱ्हाइकाला किल्ली द्यायची होती. पण आत ताटकळणारे आम्ही आणि बाजारात ताटकळणारे ते, यांत मला फरक दिसत नाही, असं म्हटलं.

बाईंनी एकच विचारलं, "किती वेळ थांबायचं हे कसं ठरवलंस?"

"चेक-इन व्हायला जेवढा लागतो तेवढा."

त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "आता पुढे वाच. आम्हालाही कळू दे."

कोर्समध्ये मला ए मिळाला. मे महिन्यात डिग्री मिळाली. कॉलेजातून पदवी घेणारी मी आमच्या घरातली पहिली.