बिनशेंडीचा नारळ

मालवणच्या मासळीबाजारात बर्फ फोडणं चाललं होतं. गोणपाटात गुंडाळलेली लादी, तिच्यावर दांडक्याचे घाव, आणि उडणाऱ्या भुग्यातून येणारी ती गार, लोखंडासारखी वाफ. मी सुरमईचा भाव विचारायला वाकलो आणि ती नाकात शिरली. भाव राहिला बाजूला. मी पंचवीसएक वर्षांपूर्वीच्या एका युरोपीय शहरात, तुटक्या चाकाची बॅग धरून उभा. घ्यायचं तर घ्या, नाहीतर वाट सोडा, असं मासेवालीने सुनावलं. तिचंही बरोबरच होतं.

त्या शहराचं नाव लिहीत नाही. ते नीट उच्चारायला मला तीन महिने लागले होते, आणि आता चुकलो तर मी तिथे शिकलो यावर घरचेच विश्वास ठेवणार नाहीत. शिष्यवृत्ती मिळवून परदेशी जाणारा आमच्या वाडीतला पहिलाच मी. कट्टा गावच्या एसटी थांब्यावर अर्धी वाडी हार घेऊन आली होती. एवढ्या हारांनिशी निघालेल्या माणसाला परत यायला तोंड उरत नाही, हे तेव्हा कोणी बोललं नाही.

शहर फार जुनं, आणि त्याच्या जुनेपणाचा जाच मला पहिल्या तासापासून. घडीव दगडांचे रस्ते पाहून लोक हरखतात; माझ्या बॅगेचं चाक त्यांनी दुसऱ्याच वळणावर खाल्लं. दर पाव तासाला घंटा वाजायच्या. आमच्याकडे घंटा वाजली तर निदान आरती असते, हातावर प्रसाद पडतो. इथे नुसताच नाद. भिंतीत खिळा ठोकायला मनाई, कारण भिंत ऐतिहासिक. खिडकी सताड उघडायला मनाई, कारण तीही ऐतिहासिक. घरमालकीण उंच, ताठ, करड्या टोपीतली. तोंडाने बोलायची नाही, दारावर चिठ्ठ्या डकवायची. बूट इथे काढावेत. पाणी बेताने वापरावे. आणि रविवारी अख्खं शहर कुलूपबंद, म्हणजे भूकही सोमवारीच लागायला हवी.

हेही सोसलं असतं. पण महिनाभरात एका माणसाने मला ‘तू कोणाचा रे?’ असं विचारलं नाही. आमच्याकडे परका माणूस बांधावरून चार पावलं चालला की त्याच्या आजोळापर्यंत चौकशी पोचते. त्या चौकशांना मी जन्मभर वैतागलेला. आता त्या नाहीत म्हणून वैताग. अशा माणसाचं कुठलं शहर काय भलं करणार?

शेवटी परत जायचं मनात आलं. पण असा निर्णय आमच्याकडे माणूस आपल्या अंगावर घेत नाही, गावच्या देवाला कौल लावतो. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कट्ट्यातल्या एका दुकानात फोन होता. तिथे आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, परत येऊ का, देवाला विचार. देव लहानपणापासून माझ्या बाजूचा, त्यामुळे बॅग भरायला घेतलीच होती. आठवड्याने पुन्हा फोन केला.

“उजवी पडूक नाय, डावीव पडूक नाय,” आई म्हणाली. “गुरव म्हणता, देवाची हद्द गावच्या शिवेपर्यंत. थयचो राखणदार येगळो आसतलो, त्येका इचार. म्हयनो झालो नि तू अजून नारळ ठेवक नाय? मगे तो तुका वळाखतलो कसो रे?”

मग जेवलंस काय, विचारून तिने फोन ठेवला.

मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी, संतापलो. आणि शनिवारी नारळ शोधत फिरलो. मिळाला तो सुपारीचा थोरला भाऊ शोभेलसा, आणि शेंडी साफ भादरलेली. शेंडी नसलेला नारळ आमचा देव बघतसुद्धा नाही. शहराच्या जुन्या वेशीत एक दगडी संत उभा होता, नाक झिजलेला, डोक्यावर कबूतर. वेशीवर उभा म्हणजे राखणदार हाच. आजूबाजूला कोणी नाहीसं पाहून मी बूट काढले, बर्फ साचलेल्या फरशीवर मोज्यांनिशी उभा राहिलो, आणि पुटपुटत गाऱ्हाणं घातलं.

“बा राखणदारा, मी मालवणाकडचो. इलंय तेव्हा तुका सांगूक नाय, चूक झाली. शेंडयेचो नारळ हय गावणा नाय, ह्योच मान्य करून घे. ठेवतलंस तर संबाळ, नायतर घरची वाट दाखव.”

गाऱ्हाणं संपलं की मागच्या मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं, त्याशिवाय ते देवापर्यंत पोचत नाही. माझ्या मागे मंडळी कुठली? आपणच म्हणावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “आमेन.”

करडी टोपी. हातात भाजीची पिशवी. बाईंनी नारळाकडे पाहिलं, माझ्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं, आणि प्रथमच तोंडाने विचारलं, तू कुठला, घरी कोण कोण असतं. आईपासून सुरुवात करून चुलतआत्यापर्यंत पोचेतो आम्ही घरी आलो होतो. संध्याकाळी दारावर नवी चिठ्ठी होती: थंडीत रस्त्यावर बूट काढू नयेत.

मग मी शिक्षण पुरं होईतो राहिलो, कुरकुरतच. बाई आता नसतील. संताचं नाक आणखी झिजलं असेल. वेंगुर्ल्याला लग्नाला गेलो तरी आधी तिथला राखणदार कुठे ते विचारतो, आणि बायको कपाळाला हात लावते. ते शहर मला आवडलं का, हे आजही ठरत नाही. मासेवालीने बर्फाचा मूठभर भुगा सुरमईवर पसरला, तो पाहता पाहता पाणी झाला. तो नारळ मात्र, मी रोज त्या वेशीतून जायचो, आठवडाभर तिथेच होता. शेंडी कुठे गेली, असं त्या राखणदाराने एकदाही विचारलं नाही.