न पाहता दिलेला शब्द

देव आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमच्या घरात रोज पूजा व्हायची, नरसिंह आमचं कुलदैवत, आणि सून म्हणून आल्यापासून मी त्याच्या सेवेत कमी पडले नव्हते. पण एका उन्हाळ्यानंतर मला वेगळाच प्रश्न छळू लागला. तो असतो हे मान्य. पण तो आपल्याकडे बघतो का? आपण त्याच्या दाराशी ओरडत असतो, तेव्हा त्याला ऐकू येतं का? कित्येक महिने मी हा प्रश्न कोणाला बोलून दाखवला नाही. तेव्हा जे झालं ते आज झालं तसं सांगते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही बसवनगुडीत राहत होतो. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातच असलेलं आमचं घराणं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. घरात मी, माझे यजमान, सहा वर्षांची रेवती आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही. रेवती तेवढी अज्जी म्हणायची. अक्कांचे धाकटे भाऊ येलहंकाच्या पुढे एका खेड्यात द्राक्षांची बाग करून राहत. आम्ही त्यांना अण्णामामा म्हणायचो. दर उन्हाळ्यात सुट्टी लागली की आम्ही त्यांच्याकडे जायचो. ते दिवस खरोखर सुखाचे असत. विहिरीवर आंघोळ, दुपारी आंब्याच्या झाडाखाली आडवं होणं, संध्याकाळी बागेतून फिरणं. माहेरी आल्यावर अक्का दहा वर्षांनी लहान दिसत.

त्या वर्षी अक्का म्हणाल्या, "टेकडीवरच्या नरसिंहाला जाऊ. तिथंच जेवू. रेवतीनं अजून बघितलं नाही ते देऊळ."

सकाळी चित्रान्न, दहीभात, भिजवलेल्या डाळीची कोसंबरी असं सगळं बांधून घेऊन आम्ही मामांच्या टेम्पोतून निघालो. रेवती वाटभर गात होती. टेकडी म्हणजे एक प्रचंड काळा खडक. वर लहानसं देऊळ, खाली चिंचेचं झाड आणि दगडी पायऱ्यांची पुष्करणी. पायथ्याशी एक धनगर बाई मेंढ्या घेऊन बसली होती. तिनं हसून आमच्याकडे पाहिलं, एवढंच. अक्कांना पायऱ्या चढायच्या नव्हत्या. "तुम्ही दार उघडून घ्या, आरतीच्या वेळी येते हळूहळू," असं म्हणून त्या रेवतीला घेऊन चिंचेखाली टेकल्या. मामा आणि यजमान वर पुजाऱ्यांकडे गेले. मी भांडी विसळायला पुष्करणीत उतरले.

वर खडकाच्या कडेला आग्या मोहोळ लटकत होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. ते कशानं उठलं, तेही कळलं नाही. कोणी म्हणालं, घारीनं झडप घातली असेल. मी रेवतीची किंकाळी ऐकली आणि धावले. बघते तर चिंचेखाली काळा धूर घोंगावतोय असं वाटलं. अक्कांनी रेवतीला जमिनीवर पाडून तिच्यावर स्वतःला झोकून दिलं होतं. त्यांची पाठ, मान, डोकं, काही दिसत नव्हतं, नुसत्या माशा. मी दोघींना ओढायला गेले. माझे डोळे मिटले, तोंडात माशा शिरल्या. मी "नरसिंहा, नरसिंहा" म्हणून ओरडत होते. वर त्याच्या देवळाचं दार बंद होतं. दार लावून आत पुजाऱ्यांबरोबर पूजेची तयारी करणाऱ्या मामांना आणि यजमानांना काही कळलं नव्हतं.

त्याच वेळी कोणीतरी मला धक्का देऊन खाली पाडलं. माझ्या हातात रेवतीला कोंबलं, आणि आम्हा दोघींवर अंधार पडला. घोंगडी होती ती. लोकरीचा, मेंढ्यांचा उग्र वास. बाहेरून बाईचा आवाज आला, "सुम्ने इरु! सुम्ने इरु!" गप्प पडून राहा, हलू नका. मी ओरडले, "आमच्या अक्का! अक्कांना घ्या!" उत्तर आलं नाही. घोंगडीच्या कडा कोणीतरी दगडांनी दाबल्या, मग माशांच्या घोंघावण्यात तो आवाज बुडून गेला.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. रेवतीचा श्वास आधी घरघरत होता. मग मला तो ऐकूच येईना. तिला छातीशी धरून मी अंधारात पडून होते आणि मनातली प्रार्थनासुद्धा थांबली होती.

यजमान, मामा आणि पुजारी धुराचे पलिते घेऊन खाली आले तेव्हा मोहोळ पांगलं. घोंगडी दूर झाली. अक्का उताण्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर कोणाच्या तरी साडीचा पदर होता. ती धनगर बाई त्यांच्यावर ओणवी होऊन बसली होती. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता इतका सुजला होता. आम्ही अक्कांना आणि रेवतीला टेम्पोत घातलं. रेवतीला त्याच घोंगडीत गुंडाळलं होतं. मामांनी पुजाऱ्यांना ओरडून सांगितलं, "हिला गावातल्या डॉक्टरकडे न्या!" त्या बाईचं नाव विचारायचंही भान आम्हाला नव्हतं.

अक्का संध्याकाळी गेल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर आल्या नाहीत. माशांच्या विषानं रेवतीची लघवी बंद झाली होती, डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. तिच्या आजीचे अंत्यसंस्कार यजमानांनी केले तेव्हा मी दवाखान्यात तिच्या उशाशी होते. पुढं हळूहळू ती सावरली. पण घर सावरलं नाही. भेटायला येणारे म्हणायचे, "पुण्यवान हो अक्का, देवाच्या पायाशी गेल्या." मी मान हलवायची आणि आतून पेटून उठायची. पायाशीच तर होत्या. मग त्यानं खाली का बघितलं नाही? आणि सगळ्यात जास्त मला एक गोष्ट खायची. ज्या नातीसाठी त्यांनी जीव दिला, ती वाचली की नाही हे न कळताच त्या गेल्या.

दिवाळीनंतर यजमान म्हणाले, "ती घोंगडी परत द्यायला हवी. आणि त्या बाईच्या पायाही पडायला हवं." मला तिकडं जायची इच्छा नव्हती. पण गेले. पुजाऱ्यांनी घर दाखवलं. निंगम्मा तिचं नाव. अंगणात ती लोकर विंचरत बसली होती. चेहऱ्यावर अजून डाग होते. आम्हाला पाहून उठली, आणि माझ्यामागून रेवती पुढं आली तशी ती मटकन खालीच बसली. रेवतीचे हात, गाल, केस चाचपू लागली आणि मोठ्यानं रडू लागली.

"देवानं माझी लाज राखली, ताई," ती मला कन्नडमध्ये म्हणाली.

मला कळेना. म्हटलं, "तुझी कसली लाज? तू तर हिला वाचवलंस."

तेव्हा तिनं सांगितलं. "मी त्या अज्जीवर ओणवी झाले ना, तेव्हा त्यांना शुद्ध होती. डोळे उघडत नव्हते, पण माझा हात धरून विचारत होत्या, मगु? मगु? बाळ कसं आहे? घोंगडी उचलून बघायची सोय नव्हती. आत काही हालचालही दिसत नव्हती. मला वाटलं, पोर गेलं. पण मी म्हणाले, मगु चेन्नागिदे, अम्मा. बाळ छान आहे. त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. मग त्यांनी 'सरी', बरं, असं म्हटलं, नरसिंहाचं नाव घेतलं आणि माझा हात सोडला. तुम्ही गेलात, नंतर काही बातमी नाही. मरणाऱ्या बाईला मी खोटं सांगितलं, असं मला सारखं वाटायचं. पुजाऱ्यांना पोराबद्दल विचारायचीही भीती वाटायची."

यजमान अंगणातच तोंड झाकून रडू लागले. त्यांच्या आईच्या शेवटच्या क्षणांबद्दल आम्हाला तोवर काहीच माहीत नव्हतं.

मी निंगम्माचे हात हातात घेतले. म्हटलं, "तू खोटं बोलली नाहीस." तिनं आम्हाला ताक दिलं. अक्का गेल्याचं तेवढं तिला पुजाऱ्यांकडून कळलं होतं. मेंढ्या घेऊन तिकडं गेली की त्या चिंचेखाली ती दोन फुलं ठेवायची, असंही तिनं सांगितलं.

अक्का का गेल्या, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि आता मी ते मागतही नाही. एवढंच कळलं की ज्याचं दार बंद आहे असं समजून मी ओरडत होते, त्याच्याकडूनच तिथं, माझ्यापासून दोन हातांवर, कोणीतरी अक्कांना उत्तर देत होतं. निंगम्माच्या हातात काहीच नव्हतं. तिनं न पाहता शब्द दिला, आणि तो खरा करणं तिच्या हातचं नव्हतं. ते ज्यानं केलं, त्याच्याशी मी आता भांडत नाही. घरात कोणी आजारी पडलं, कोणाची काळजी लागली, की माझ्याही मनात पूर्वीसारखंच काहूर उठतं. मग मी त्या माणसाजवळ बसते, त्याचा हात धरते आणि सांगते, सगळं ठीक होईल. पुढचं मला दिसत नसतं. ते ज्याला दिसतं, त्याच्यावर सोडून देते.