थैलीवाली की डबीवाली

दसऱ्यानंतर मी कॉलेजला गेले नाही. आई आजारी आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते आणि ते खोटं नव्हतं. तिच्या कमरेतली चकती सरकली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, बाकी काहीही करा, पण वाकायचं नाही. आईने मान हलवली होती. घरी पोचून तास झाला नसेल, तर ती माजघरात झाडायचा फडा घेऊन वाकलेली.

आमचं घर आंधळगावला. बाबा धान पिकवतात, दादा मोटारसायकलने वरठीच्या कारखान्यात कामाला जातो आणि मी भंडाऱ्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीत छापलेलं काहीही घरात आलं, औषधाचा कागद असो की पाण्याच्या मोटरीचं माहितीपत्रक, ते माझ्या हातात दिलं जातं. त्यातलं अर्धंच मला कळतं, हे मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही.

बाबा किंवा दादा घर झाडत नव्हते असं नाही. दोघांनीही करून पाहिलं. पण दोन वर्षांपूर्वी दादाने घरभर पांढरी फरशी बसवली आहे आणि तिच्यावर एक केस पडला तरी आईला खाटेवरून दिसतो. त्यात ते दिवस धान घरात येण्याचे. माजघरात भिंतीला लागून चुंगडी, म्हणजे धानाची पोती, रचलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाबरोबर तूस आणि माती सगळ्या खोल्यांतून फिरायची. बाबांनी झाडलं की आई म्हणायची, कोपरे तसेच ठेवले, आणि मागून पुन्हा झाडायची. दादाला तर ती काही बोलायचीही नाही, सरळ त्याच्या हातातून फडा घ्यायची. माझ्या झाडण्याला मात्र ती हात लावत नसे, कारण ते तिनेच मला शिकवलं होतं. म्हणून मी घरी राहिले. आईच्या सेवेला राहिले, असं गावात म्हणत. खरं म्हणजे मी तिने वाकू नये म्हणून दिवसातून तीनदा झाडत होते.

धान निघून झालं त्या आठवड्यात विभागातल्या मॅडमचा फोन आला. येत्या सोमवारी प्रयोगवही घेऊन आले नाही, तर त्या सही करणार नव्हत्या, आणि सही नसली तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. त्या रागावल्या नाहीत. मला वाटतं त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी "हो मॅडम" म्हटलं आणि फोन ठेवला. आईला सांगितलं नाही. दादाला सांगितलं.

 दोन दिवसांनी सकाळी कामावर जाताना, गाडीला किक मारायच्या आधी दादा म्हणाला, की त्याच्या साहेबांच्या घरी आपोआप झाडणारी मशीन आहे. गोल असते, ताटाएवढी, खाली चाकं. घरभर फिरते आणि कचरा ओढून घेते. भंडाऱ्यातल्या एका दुकानात त्याने दोन पाहून ठेवल्या होत्या. "मले तं दोन्ही सारख्याच दिसतात," तो म्हणाला. "तू शिकलेली हायेस. तू ठरव."

मी ठरवायला बसले. वहीच्या मागच्या पानावर मधोमध रेघ मारली आणि मोबाइलवर दोन्ही मशीनची माहिती वाचून दोन्ही बाजूंना लिहीत गेले. बॅटरी किती वेळ चालते, आवाज किती होतो, किती उंचीचा उंबरठा चढते. आमचे उंबरठे मी कंपासपेटीतल्या पट्टीने मोजले. दोन्ही मशीन चढल्या असत्या. ओढण्याची ताकद पास्कलमध्ये दिली होती. पास्कल मला येतो. सूत्र येतं, गणितं सोडवता येतात. पण तेवढ्या पास्कलमध्ये चौकटीच्या फटीत अडकलेलं तूस निघेल का, हे मला काही सांगता येईना. त्याचं मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं शिकून हेही कळत नसेल तर दादा माझ्यावर कशाच्या भरवशावर सोपवतो, असं वाटत राहिलं.

शेवटी दोन्ही बाजू जवळपास सारख्याच भरल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, किंमतही फारशी वेगळी नाही. फरक एकच होता. एका मशीनच्या पोटात लहान डबी होती, ती रोज काढून रिकामी करायची. दुसरी मशीन काम झालं की आपल्या जागेवर जाऊन उभी राहायची आणि तिथल्या खोक्यातली थैली तिच्या पोटातला कचरा ओढून घ्यायची. थैली भरायला सहा-सात आठवडे लागतात, मग ती बंदच्या बंद फेकून द्यायची. दादाने दोघींची नावंच ठेवली, थैलीवाली आणि डबीवाली.

मी थैलीवालीखाली दोन रेघा ओढल्या. रोज डबी काढायला कोणीतरी वाकणार आणि ते कोणीतरी म्हणजे आई, हे कारण मी दादाला दिलं. ते खरंच होतं. पण मनात आणखी एक गोष्ट होती, ती मी आत्ता लिहिते आहे. सहा-सात आठवडे त्या घरातल्या कचऱ्याचा विचार कोणालाच करावा लागणार नाही, मलाही नाही, हे मला फार आवडलं होतं.

गुरुवारी दादाची सुट्टी होती आणि आईला डॉक्टरांना दाखवायचं होतं. दवाखाना झाल्यावर आम्ही तिघं त्या दुकानात गेलो. दुकानदार उत्साही होता. त्याने आईला मावशी केलं, मला ताई केलं, समोरची जागा मोकळी केली आणि दोन्ही मशीन शेजारी शेजारी ठेवल्या. मग काउंटरखालून डबा काढला आणि मूठभर तांदूळ फरशीवर भिरकावले.

"आता पाहा मावशी," तो म्हणाला, "एक दाणा नाही राहणार."

पुढचं इतक्या पटकन झालं, की मला आईचा दंडही धरता आला नाही. ती वाकली. विचार करून वाकली नाही. सांडलेला तांदूळ दिसला आणि हात खाली गेला. दोन-तीन दाणे तिने वेचलेही. मग तिचा चेहरा एकदम पांढरा झाला आणि ती तशीच अर्धी वाकलेली राहिली. दादाने आणि मी तिला दोन बाजूंनी धरून हळूहळू सरळ केलं. दुकानदार धावत खुर्ची घेऊन आला. त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि त्या घाईत त्याने तिला समजावलं, की मावशी, हे नुसते दाखवायचे तांदूळ आहेत, आम्ही रोजच टाकतो.

"रोज टाकता?" आईने विचारलं.  दुकानदाराने डबा काउंटरखाली ढकलला.

तोवर थैलीवाली सुरू झाली होती आणि तिने ते सगळे तांदूळ ओढून घेतले होते. आपल्या जागेवर जाऊन ती मोठा आवाज करून थांबली. फरशी लख्ख झाली. दुकानदार आमच्याकडे पाहत होता. आई मशीनकडे पाहत होती.

"कुठी गेले ते?"

दुकानदाराने खोक्याचं झाकण उघडून थैली दाखवली. उघडता येत नाही, भरली की फेकायची, धूळ अंगावर येत नाही, असं तो सांगू लागला. आईने सगळं ऐकून घेतलं. मग दुसरीकडे बोट दाखवून विचारलं, "आन् हिच्यातले?" त्याने डबीवाली उचलली, पोटातली डबी काढली आणि तिच्या हातात दिली. आधीच्या कोणा गिऱ्हाइकाला दाखवताना ओढलेलं काहीतरी त्यात होतं, धुळीत मिसळलेले थोडे तांदूळ. आईने ते तळहातावर घेतले, हलकेच फुंकर मारली. धूळ उडाली, दाणे राहिले. तिने ते दाणे दुकानदाराच्या हातात दिले. त्याला काय करावं कळेना, त्याने ते खिशात ठेवले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी वहीत सगळीकडे एकच शब्द लिहिला होता, कचरा. आणि आमच्या घरात झाडणं म्हणजे नुसता कचरा काढणं कधीच नव्हतं. दाराशी ढीग करायचा, त्यातले धानाचे दाणे वेचून वाटीत टाकायचे, वाटी भरली की सुपात पाखडून परत चुंगड्यात. मीही गेले दोन महिने हेच करत होते. इतक्या सवयीने, की ते झाडण्यापेक्षा वेगळं काम आहे असं मला वाटलंच नव्हतं, आणि वहीतल्या माझ्या दोन्ही बाजूंमध्ये कुठेही ते आलं नव्हतं.

मी तरी आईला समजावून पाहिलं. थैलीवाली घेतली तर रोज डबी काढायला वाकावं लागणार नाही, असं सांगितलं.

"मंग मी तिले चालू कराच्या आंधी सगळे दाने येचून घेईन," आई म्हणाली.

"म्हणजे वाकशीलच ना."

"वाकीन नाई तं काय? खाली पडलेलं धान मशीनले खाऊ घालू?"

दादाला हसू आलं. तो म्हणाला, "म्हंजे मशीन झाडन म्हून तिच्या आंधी तुले झाडा लागते." दुकानदारही हसला. मला हसू आलं नाही. एक घेतली तर ती दाण्यांसाठी वाकणार, दुसरी घेतली तर डबीसाठी वाकणार. मला सोमवार दिसत होता. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि काही न घेता बाहेर पडलो.

घरी बाबा सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, बसले होते. दादाने त्यांना सगळं सांगितलं, तांदळाचंही. बाबा फार बोलत नाहीत. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, की त्या डबीवालीची डबी काढायला किती वेळ लागतो. दादा म्हणाला, चुटकी वाजवायला लागतो तेवढा.

"मंग मी काढून देईन," बाबा म्हणाले. "तुह्या मायनं खुर्चीवर बसून पाखडावं."

"तुमी काढसान तं पाडसान," आई आतून म्हणाली.

"पाडलं तं झाडाले मशीन हाय ना."

आई हसली. कमरेवर हात ठेवून, दुखत असताना हसली. मग ती बाहेर येऊन दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "सोमवारचं काहून नाई सांगतलं मले?"

मी दादाकडे पाहिलं. तो गाडीचा आरसा पुसू लागला. मी काहीतरी जुळवून सांगायला लागले, की आणखी थोडे दिवस थांबले तरी चालेल, मॅडमना विनंती करीन. आईने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "तुले कॉलेजात मी कायले धाडलं? माह्या घरी झाडाले?"

 मी खाली पाहत होते आणि फरशीवर तूस पडलेलं दिसत होतं. ते झाडावं असं वाटत होतं, पण हललेच नाही.

शनिवारी दादा डबीवाली घेऊन आला. रविवारी सकाळी चालू केली. आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि ती जिकडे जाईल तिकडे मान वळवत राहिली. मशीन चुंगड्यांच्या कडेकडेने गेली, खाटेखाली शिरली, बाहेर आली. एका कोपऱ्यात ती गेली, पण कोपऱ्याच्या टोकाला पोचली नाही. गोल वस्तू कोपऱ्यात पोचणार तरी कशी. आईने ते पाहिलं. मीही पाहिलं. भिंतीला फडा उभा होता. ती उठेल म्हणून मी तिच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिले.

"जाऊन नाई राहिली तिथं," ती एवढंच म्हणाली.

मशीन थांबल्यावर बाबा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी डबी काढली. काढताना थोडी सांडलीच.  आईने डबी सुपात उलटी केली, मांडीवर घेऊन पाखडली. तूस आणि धूळ पुढे गेली, धानाचे काही दाणे मागे राहिले, आणि त्यात दादाच्या शर्टाचं एक बटण निघालं. ते तिने वेगळं ठेवलं. सांडलेलं मी झाडायला गेले तर बाबांनी मशीनकडे बोट दाखवलं आणि पुन्हा चालू करायला सांगितलं.

सोमवारी सकाळच्या बसने मी भंडाऱ्याला गेले. संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहून आईला फोन लावला. मशीन चालवली का, विचारलं. चालवली म्हणाली. कोपरे बाबांनी झाडले, असंही म्हणाली. कसे झाडले, ते तिने सांगितलं नाही.

"वाकलीस का?"

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"एक खेप," ती म्हणाली. "तुह्या बाबाले दिसलं नाई."

एरवी मी रागावले असते. दिवसभर बसमध्ये आणि प्रयोगशाळेत माझ्या मनात हेच घोळत होतं, की ती वाकली असेल तर मी काय करीन, परत जाईन का. आता तिने सांगून टाकलं होतं आणि मी जिन्यातच उभी होते.

"उद्या नको वाकू," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. मग विचारलं, "तुही सही झाली काय?"

"झाली."

"मंग ठेव फोन. जेव."